पोटॅश कारखान्यात बनत नाही

कृषी सेवा केंद्रात युरिया, डीएपी आणि पोटॅशच्या थप्प्या एकमेकींना खेटून लावलेल्या असतात. बिलावरही तिन्ही नावं एकाखाली एक येतात. त्यामुळे ही तिन्ही एकाच जातीची खतं आहेत, सरकारने किंवा एखाद्या कंपनीने मनावर घेतलं तर तिन्ही इथेच तयार होतील, असा समज होतो. युरियाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. युरियातला नत्र (नायट्रोजन) हवेतून घेतलेला असतो, आणि नैसर्गिक वायू व कारखाना असला की अलिबागजवळ थळला जसा युरिया तयार होतो तसा तो जगात कुठेही होतो. पोटॅशचं असं नाही. जमिनीच्या पोटात तो जिथे साठलाय तिथूनच खणून किंवा पाण्यात विरघळवून वर काढावा लागतो, आणि अशा जागा जगात मोजक्या आहेत. दुकानात 'पोटॅश' म्हणून मिळतो तो एमओपी, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश. त्याचं आपल्याकडे व्यावसायिक उत्पादन नाही. शेतात पडणारा एमओपी जहाजातून येतो.

पोटॅश महाग का होतो, मध्येच मिळेनासा का होतो, आपल्या जमिनींतला पालाशाचा, म्हणजे पोटॅशियमचा, साठा हळूहळू का उतरतोय, या सगळ्याची बरीचशी मुळं या एका गोष्टीत आहेत.

आधी गोणीवरच्या आकड्याचा उलगडा करू. एमओपीच्या गोणीवर ६० टक्के असं छापलेलं असतं. हे साठ टक्के कशाचे? गोणीत असतं पोटॅशियम क्लोराइड. पण जुन्या काळापासून रसायनशास्त्रज्ञ खनिजांचं पृथक्करण ऑक्साइडच्या हिशेबात मांडत आले आणि खतांच्या व्यवहारात तीच पद्धत कायम राहिली. म्हणून गोणीत पोटॅशियम ऑक्साइडचा कणही नसताना प्रमाण त्याच्या भाषेत लिहिलं जातं. खरं पोटॅशियम हवं असेल तर छापील आकड्याला ०.८३ ने गुणायचं. पन्नास किलोंच्या गोणीत ३० किलो 'पालाश' आणि प्रत्यक्षात सुमारे २५ किलो पोटॅशियम असतं. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीही याच ऑक्साइडच्या हिशेबात असल्यामुळे शेतकऱ्याला रूपांतर करत बसावं लागत नाही. फक्त पालाश म्हणजे खताचं वजन नव्हे, एवढं पक्कं ध्यानात ठेवायचं. १०० किलो पालाश द्या असं सांगितलं असेल तर एमओपी साधारण १६७ किलो लागतो.

आता पिकाच्या बाजूने बघू. नत्र प्रथिनांत आणि हरितद्रव्यात बांधला जातो, स्फुरद (फॉस्फरस) पेशीच्या गाभ्यातल्या जनुकीय द्रव्यात जातो. पालाश मात्र झाडाच्या बांधणीत कुठेच अडकत नाही. रसात तो सुटा फिरतो आणि बाकीच्यांची कामं होतील अशी परिस्थिती तयार करतो. पानाच्या खालच्या अंगाला असलेली सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात आणि मिटतात ती पोटॅशियमच्या ये-जा करण्यामुळे. रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशींत पोटॅशियम शिरलं की त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात आणि रंध्र उघडतं. ते बाहेर पडलं की पेशी सैलावतात आणि रंध्र मिटतं. पालाश कमी पडला की ही हालचाल मंदावते. दुपारच्या उन्हात रंध्रं वेळेवर मिटत नाहीत आणि पाणी उडून जात राहतं. पाण्याचा ताण पडणाऱ्या भागात पालाशाला जास्त महत्त्व द्यायला हवं असं मी म्हणतो ते यामुळे.

दुसरं काम साखरेच्या वाहतुकीचं. पानात तयार झालेली साखर उसाच्या कांडीत, केळीच्या फण्यांत, द्राक्षाच्या मण्यांत नेऊन पोचवायला पालाश लागतो. तो नसेल तर पान साखर बनवतं, पण माल पुढे सरकत नाही. ऊस वजनाला दिसतो आणि साखरेच्या उताऱ्यात मार खातो, केळीचा घड पडतो पण फण्या भरत नाहीत.

कमतरता ओळखायची तर खालची पानं बघावीत. पालाश सुटा असल्यामुळे टंचाई आली की झाड तो जुन्या पानांतून उपसून कोवळ्या पानांना देतं. म्हणून वरचा शेंडा हिरवागार दिसत असतो आणि खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबूस आणि शेवटी भाजल्यासारख्या करड्या होतात. केळीत जुनी पानं नारिंगी-पिवळी पडून शिरेपाशी वाकतात. हे बघून 'करपा आला' म्हणत बुरशीनाशकाचा फवारा मारला जातो, आणि पैसे जाऊनही पान सुधारत नाही. कडेकडेने आत सरकणारी करप आणि पानभर विखुरलेले ठिपके यांतला फरक शेतात उभं राहून नीट बघितला तर कळतो.

मग हा पालाश इतका दुर्मीळ का? खरं तर पोटॅशियम दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात त्याचं प्रमाण वजनाने अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि विपुलतेत ते सातवं मूलद्रव्य आहे. ग्रॅनाइटातल्या फेल्डस्पारमध्ये ते आहे, अभ्रकात आहे. पण तिथे ते दगडाच्या जाळीत जखडलेलं असतं आणि सुटायला हजारो वर्षं घेतं. खताला उपयोगी पडतो तो पाण्यात विरघळणारा पालाश, आणि तो मुख्यतः समुद्र आटला तिथेच थरांनी साठतो.

उरण-पेणकडचं मिठागर ज्याने बघितलंय त्याला हे पटकन उमगेल. खाजणाचं पाणी कोंड्यात घ्यायचं, उन्हाने ते आटवायचं, मीठ तळाशी बसलं की वर राहिलेलं कडवट पाणी सोडून द्यायचं. त्या कडवट पाण्यातच मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सगळे मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार, आणि त्यांतलं पोटॅशियम अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पाणी आटताना आधी चुना बसतो, मग जिप्सम, जेमतेम दहावा हिस्सा पाणी उरलं की साधं मीठ, आणि अगदी शेवटच्या थोडक्या पाण्यातून पोटॅशचे क्षार. तो शेवट गाठण्याआधी नवं पाणी आत शिरलं की सगळं पुन्हा विरघळतं. मिठाचे थर जगात पुष्कळ ठिकाणी सापडतात आणि त्यांच्यावरचे पोटॅशचे थर फार थोड्या ठिकाणी, ते याच कारणाने. आणि इतकं होऊन पुढची कोट्यवधी वर्षं त्या थराला पाणी लागता कामा नये.

या थरांत वेगवेगळी खनिजं असतात. पोटॅशियम क्लोराइडचं शुद्ध खनिज म्हणजे सिल्वाइट. ते मिठाच्या खड्यांत मिसळून आलं की त्या मिश्र खडकाला सिल्व्हिनाइट म्हणतात, आणि जगातला बहुतेक एमओपी यातूनच निघतो. कार्नलाइटमध्ये पोटॅशियमसोबत मॅग्नेशियम आणि भरपूर पाणी असतं. पॉलीहॅलाइटमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधकही असतं, पण पालाश चौदा टक्क्यांच्या आसपासच. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरची बोल्बी ही खाण आधी नेहमीचा पोटॅश काढायची, ती आता पॉलीहॅलाइटच काढते. लँगबेनाइट हे आणखी एक, अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत निघणारं.

पोटॅशचे हे थर माणसाच्या हाती लागले ते मिठाच्या शोधात. त्याआधी पोटॅश म्हणजे लाकडाच्या राखेतून धुऊन काढलेला क्षार. अमेरिकेने १७९० मध्ये दिलेलं पहिलंच पेटंट राखेतून पोटॅश काढण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होतं. साबण, काच, दारूगोळा यांच्यासाठी तिकडे जंगलंच्या जंगलं जाळली गेली. मग १८५० च्या दशकात जर्मनीत श्टासफुर्ट इथे मिठासाठी खोल खाण पाडली, तेव्हा मिठाच्या वर रंगीत, कडवट क्षारांचा थर लागला. मीठ काढायचं तर तो आधी उपसून टाकावा लागे, म्हणून त्याला टाकाऊ समजून बाहेर ढीग घातले गेले. तोपर्यंत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने झाडाला खनिज अन्न लागतं हे ठासून मांडलेलं होतं. त्या ढिगांत पोटॅश आहे हे ध्यानात आलं आणि १८६१ मध्ये अडॉल्फ फ्रांक याने तिथे खताचा कारखाना घातला. पुढची पन्नासेक वर्षं जगाचा पोटॅश जवळपास एकट्या जर्मनीच्या हातात राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला तसे अमेरिकेत भाव आभाळाला भिडले आणि तिथले लोक खाऱ्या तळ्यांचं पाणी आटवून पोटॅश काढू लागले. थोड्या देशांकडे माल आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघणारे, ही पोटॅशची कहाणी तेव्हापासूनची आहे.

आज सगळ्यांत मोठा उत्पादक कॅनडा. तिथल्या सस्कॅचवान प्रांतात १९४३ मध्ये तेलासाठी विहीर पाडताना पोटॅश लागला. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी त्या गवताळ मैदानांच्या जागी उथळ समुद्र होता, तो आटून गेल्यावर उरलेला हा थर आता जमिनीखाली एक किलोमीटरच्या आसपास आहे. तिथवर पोचणं मात्र अत्यंत कठीण गेलं. वाटेत ब्लेअरमोर नावाचा पाण्याने गच्च भरलेला वाळूचा थर लागतो. खाणीत उतरायची उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, त्यात शिरला की वाळू आणि पाणी दाबाने आत घुसे. एस्टरहेझीच्या खाणीत अभियंत्यांनी शाफ्टभोवती नळ्या सोडून त्यांतून थंडगार खारं पाणी खेळवलं, वाळूचा थर गोठवून दगडासारखा केला, त्यातून खणत गेले आणि आतून ओतीव लोखंडाची कडी एकावर एक बसवून भिंत बांधली. १९५७ ला सुरू झालेलं हे काम १९६२ मध्ये फळाला आलं.

पोटॅशच्या खाणीचा खरा वैरी पाणी आहे, कारण इथे खनिजच पाण्यात विरघळतं. कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं तर उपसता येतं. इथे शिरलेलं पाणी छत आणि खांब विरघळवत जातं, वाट मोठी करतं आणि आणखी पाणी आणतं. एस्टरहेझीत १९८५ पासून खारं पाणी झिरपत होतं, वर्षानुवर्षं पंप चालवून ते आवरलं, आणि शेवटी २०२१ च्या जूनमध्ये तिथले दोन जुने शाफ्ट कायमचे बंद करावे लागले. रशियातल्या बेरेझनिकी शहराखालची खाण २००६ मध्ये पाण्याने गेली आणि पुढे वस्तीत प्रचंड खड्डे पडले. अशा ठिकाणी नवी खाण उघडायला अब्जावधी डॉलर आणि दहाएक वर्षं सहज लागतात. भाव चढले म्हणून उद्या उत्पादन वाढवता येत नाही, हे पोटॅशच्या बाजाराचं मर्म आहे.

वर आलेला खडक तांबूस-गुलाबी असतो. त्यात मीठ आणि पोटॅश गुंतलेले असतात. ते वेगळे करायची एक पद्धत तरंगवण्याची: दळलेला खडक संपृक्त खाऱ्या पाण्यात घालतात, त्यात फक्त पोटॅशच्या कणांना चिकटणारं द्रव्य टाकतात आणि खालून हवा सोडतात. पोटॅशचे कण बुडबुड्यांना धरून वर येतात, मीठ तळाशी राहतं. दुसरी पद्धत गरम पाण्याची. साधं मीठ थंड किंवा उकळत्या पाण्यात जवळपास सारखंच विरघळतं. पोटॅशियम क्लोराइड मात्र २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ३४ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम विरघळतं. गरम द्रावण गार केलं की पोटॅशचे पांढरे खडे खाली बसतात.

लाल पोटॅश खरा की पांढरा, हा वाद दुकानात हमखास निघतो. त्याचं उत्तर इथे आहे. तरंगवून काढलेल्या पोटॅशमध्ये लोहाच्या ऑक्साइडचा अंश राहतो म्हणून तो लाल, पुन्हा स्फटिक करून काढलेला तो पांढरा. दोन्हींत पालाश ६० टक्के. चमचाभर लाल पोटॅश ग्लासभर पाण्यात ढवळा: ग्लास हाताला गार लागतो, कारण हा क्षार विरघळताना उष्णता ओढून घेतो, आणि खडे विरघळल्यावर तांबूस गढूळपणा मागे राहतो. तो लोहाचा. जमिनीतून द्यायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही. ठिबकमधून सोडायचं असेल तर तोच गाळ ड्रीपर तुंबवतो, तिथे पांढरा घ्यावा. खत बनावट आहे अशी शंका असेल तर मात्र अशा घरगुती चाचण्यांवर विसंबू नये, गुणनियंत्रण निरीक्षकाला नमुना घ्यायला लावून प्रयोगशाळेत पाठवावा.

कॅनडानंतर मोठे उत्पादक रशिया, बेलारूस आणि चीन. मृत समुद्राच्या काठावर इस्रायल आणि जॉर्डन खाण न खणता पोटॅश काढतात. समुद्राचं पाणी पंपाने मैलोगणती पसरलेल्या उथळ तळ्यांत सोडतात, उन्हाने आटवतात, मीठ आधीच्या तळ्यांत बसू देतात आणि शेवटच्या तळ्यांतला कार्नलाइट तरंगत्या यंत्रांनी गोळा करतात. चीन उत्पादन करतो पण त्याची भूक त्याहून मोठी. ब्राझील आणि भारत हे मोठे खरेदीदार. म्हणजे विकणारे बोटांवर मोजण्याइतके आणि घेणारे सगळं जग. विकणारेही सहसा एकजुटीने विकत आले. कॅनडाच्या मोठ्या कंपन्यांची कॅनडा-अमेरिकेबाहेरची विक्री कॅनपोटेक्स ही एकच संस्था करते. रशियाची उरलकाली आणि बेलारूसची बेलारुसकाली यांचीही अशीच संयुक्त विक्री होती. २०१३ मध्ये उरलकाली त्यातून बाहेर पडली, भाव कोसळले, आणि चर्चेला बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कला, गेलेल्या तिच्या मुख्य अधिकाऱ्याला तिथेच अटक झाली. खताच्या एका व्यवहारावरून दोन देशांत एवढं ताणलं जाऊ शकतं.

आपल्यासाठी खरा धक्का २०२२ चा. बेलारूसवर अमेरिका आणि युरोपचे निर्बंध आले होते. बेलारूसला समुद्रकिनारा नाही, त्याचा पोटॅश लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरातून जायचा. लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून ती वाट बंद केली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. जगाच्या पोटॅश व्यापारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल याच दोन देशांचा होता. भारतासाठी पोटॅशची खरेदी करण्यात इंडियन पोटॅश लिमिटेड आघाडीवर असते. तिने २०२१ च्या सुरुवातीला बेलारूसशी टनाला २४७ डॉलरने करार केला होता. वर्षभरात, २०२२ चा करार झाला तो ५९० डॉलरने. त्या साली सप्टेंबरमध्ये कॅनपोटेक्सशी वर्षाला १५ लाख टनांपर्यंत, तीन वर्षांसाठी, असा करार झाला तो या धास्तीतून.

पण बाहेरचं युद्ध हे अर्धंच कारण. बाकीचं अर्धं आपल्या अनुदानाच्या पद्धतीत आहे, आणि मला ते जास्त सलतं. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं. त्याआधी एमओपीचा भाव सरकार ठरवायचं, टनाला ४,४५५ रुपये, म्हणजे गोणीला सव्वादोनशेच्या आत. नव्या पद्धतीत प्रति किलो पालाशाला ठरावीक अनुदान मिळू लागलं आणि विक्रीचा भाव कंपन्यांवर सोडला गेला. विचार योग्य होता, पण युरिया त्यातून वगळला. दोनतीन वर्षांत एमओपीची गोणी आठशेच्या वर गेली आणि देशातली विक्री जवळपास निम्म्यावर आली. युरियाचा भाव मात्र जवळपास जागीच राहिला. आजही ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात २०.७ किलो नत्र असतो, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपयांच्या आत पडतो. एमओपीची गोणी १,७०० रुपयांना मिळाली असं धरलं तर पालाश किलोला ५७ रुपये. पालाशावरचं अनुदान २०२२-२३ मध्ये किलोला २५ रुपये ३१ पैसे झालं होतं, ते २०२३-२४ च्या रब्बीपासून २ रुपये ३८ पैशांवर आणलं गेलं. शेतकरी युरियाचा अतिरेक करतो असं भाषणांत ऐकू येतं. भाव असे असताना त्याने दुसरं काय करावं? हिशेबी माणूस स्वस्त तेच जास्त घेणार.

आता आपल्या मातीकडे येऊ. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनी पालाशाने श्रीमंत आहेत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, आणि माती परीक्षणाचा अहवालही बहुतेक वेळा तसंच सांगतो. हेक्टरी २८० किलोंच्या वर उपलब्ध पालाश असला की 'जास्त' असा शेरा मिळतो, आणि काळ्या मातीत तो आकडा सहज ओलांडला जातो. अहवाल खोटा नसतो. पण तो मातीच्या एकाच खिशातली रक्कम सांगतो. मातीतल्या पाण्यात विरघळलेला पालाश अगदी थोडा. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर धरलेला, मुळांना लगेच मिळणारा त्याहून बराच जास्त, आणि परीक्षणात मुख्यतः तोच मोजतात. त्यामागे चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या आत अडकलेला साठा, आणि त्याच्याही मागे खनिजांत बंद असलेला. पिकाने वरचा उचलला की आतला हळूहळू बाहेर येऊन जागा भरतो. त्यामुळे अनेक वर्षं उपसा करूनही अहवालातला आकडा फारसा हलत नाही, आणि खर्ची पडत असतो तो आतला, न मोजलेला साठा. शिवाय काळ्या मातीची पालाशावरची पकड घट्ट असते. हलक्या मुरमाड जमिनीत जो आकडा पुरेसा ठरतो तो भारी काळ्या जमिनीत कमी पडू शकतो.

उसाचं उदाहरण घ्या. ऊस जमिनीतून नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलतो. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश. १७० किलो पालाश म्हणजे २८३ किलो एमओपी, एकरी सव्वादोन ते अडीच गोण्या, अर्ध्या लागणीला आणि अर्ध्या मोठ्या बांधणीला. प्रत्यक्षात १०:२६:२६ च्या दोन गोण्या टाकल्या की पालाश झाला, असं धरून चालतात. त्या दोन गोण्यांत पालाश २६ किलो असतो आणि एकराला हवा असतो ६८. केळीची भूक तर याहून कितीतरी मोठी. झाडाला २०० ग्रॅम पालाश धरला आणि लागवड पाच बाय पाच फुटांवर असली तर एकरी एमओपी बारा गोण्यांच्या घरात जातो. जळगावचा केळी उत्पादक पोटॅशच्या भावाकडे डोळे लावून का बसतो हे या आकड्यात आहे.

द्राक्षाची गोष्ट निराळी. एमओपीतला क्लोराइड द्राक्षाला सोसत नाही, तंबाखूलाही नाही. निपाणीकडचे तंबाखूवाले सांगतील, क्लोराइड वाढला की पान नीट जळत नाही. अशा पिकांना सल्फेट ऑफ पोटॅश लागतो, बागायतदारांच्या तोंडचा शून्य-शून्य-पन्नास. तो बहुतांशी एमओपी आणि गंधकाम्ल भट्टीत तापवून करतात, त्यामुळे तो एमओपीपेक्षा महागच राहणार. नाशिक-सांगलीकडे पानाच्या देठाचं परीक्षण करून किती सोडायचा हे ठरवतात. माती परीक्षणापेक्षा ते जास्त खरं बोलतं, कारण ते थेट वेलीला विचारणं आहे. उलट, एमओपीने जमीन मरते ही भीती सरसकट बाळगायचं कारण नाही. क्लोराइड म्हणजे क्लोरीन वायू नव्हे. पाऊस आणि निचरा चांगला असेल तर तो खाली निघून जातो. खारवट, चिबड जमिनीत मात्र जपूनच वापरावा.

बाहेरून येणाऱ्या पोटॅशचा काही भार आपण इथेच उचलू शकतो, आणि तो मार्ग साखर कारखान्यांतून जातो. उसाने उचललेला पालाश साखरेत जात नाही. तो मळीत उतरतो आणि मळीपासून अल्कोहोल काढल्यावर मागे राहणाऱ्या स्पेंट वॉशमध्ये साठतो. एकेकाळी हे तपकिरी पाणी ओढ्यानाल्यांत जाऊन विहिरी नासवायचं. आता पुष्कळ डिस्टिलऱ्या ते दाट करून बॉयलरमध्ये जाळतात आणि जी राख उरते तिच्यात पालाश असतो. तिचे दाणे करून पीडीएम (पोटॅश डिराइव्ह्ड फ्रॉम मोलॅसिस, म्हणजे मळीपासूनचा पोटॅश) नावाचं खत विकलं जातं, पालाश किमान १४.५ टक्के. २०२१ मध्ये ते अनुदानाच्या यादीत आलं. २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना द्यायचा भाव टनाला ४,२६३ रुपये ठरला. ज्या शेतातून ऊस गेला त्याच शेतात त्याचा पालाश परत यावा, यासाठी कारखान्यांनी आपल्या सभासदांना हे खत आधी द्यावं असं मला मनापासून वाटतं.

शेतातल्या शेतातही बरंच आहे. पालाश झाडात सुटा असतो हे वर आलंच, त्यामुळे पाचट कुजायच्या आधीच पहिल्या पावसांत त्यातला पालाश धुपून मातीत उतरतो. पाचट पेटवलं तर पालाश राखेत उरतो हे खरं, पण ती राख वाऱ्याने आणि वळवाच्या पावसाने बांधाबाहेर जाते, आणि नत्र नि सेंद्रिय द्रव्य तर जळूनच जातं. केळीचे बुंधे बांधावर फेकणं म्हणजे तर विकत घेतलेला पोटॅश बाहेर टाकणं आहे. बारीक करून बागेतच पसरावेत.

देशात खनिज पोटॅश अजिबात नाही असं नाही. राजस्थानात नागौर ते श्रीगंगानगर या पट्ट्याखाली जुन्या मिठाच्या थरांत पॉलीहॅलाइट आणि सिल्वाइट सापडले आहेत, शेकडो मीटर खोल. २०२१ च्या जानेवारीत तिथे विरघळवून पोटॅश काढण्याची शक्यता तपासण्यासाठी केंद्र आणि राज्याच्या खनिज संस्थांमध्ये करार झाला. या पद्धतीत माणूस खाली उतरत नाही. विहिरीतून पाणी सोडायचं, थर विरघळवायचा, खारं द्रावण वर ओढून आटवायचं. सस्कॅचवानच्या बेल प्लेनला १९६४ पासून हे चालू आहे. पण त्याला पाणी आणि उष्णता दोन्ही भरपूर लागतात आणि वर येणाऱ्या मिठाच्या डोंगराचं काय करायचं हा प्रश्न उरतो. राजस्थानात ऊन आहे, पाणी नाही. २०२३ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या ३० खनिजांची यादी केली तिच्यात पोटॅश आहे आणि काही पट्ट्यांचे लिलावही झाले, तरी पुढची बरीच वर्षं गोण्या बंदरातूनच येतील. कच्छच्या रणात खाऱ्या पाण्यापासून थोडा सल्फेट ऑफ पोटॅश तयार होतो, तो देशाच्या गरजेपुढे फार लहान आहे.

म्हणून खरेदी करताना गोणीचा भाव न बघता किलोभर पालाशाचा भाव काढा. एमओपीच्या ५० किलो गोणीच्या किमतीला ३० ने भागा. पीडीएमच्या गोणीला ७.२५ ने. शून्य-शून्य-पन्नासच्या २५ किलो पिशवीला १२.५ ने, आणि तिच्यातलं गंधक वेगळं धरा. पीडीएमच्या चार गोण्या घातल्या तरच एमओपीच्या एका गोणीची बरोबरी होते, त्यामुळे वाहतूक आणि मजुरीही हिशेबात घ्या. हा भागाकार केला की दुकानदार जे पुढे करतो त्यातलं काय घ्यायचं ते तिथल्या तिथे ठरवता येतं.